जाळीवरील छपाई

सणाच्या दिवशीं अंगणांत रांगोळी काढतांना छिद्रें पाडलेल्या पत्र्याचा छापा पुष्कळ घरीं वापरतात. छाप्यावर रांगोळी पसरून तो उचलला कीं छिद्रांखालीं नक्षी उमटते. पत्रा जेथें अखंड असतो तेथें जमीन कोरी राहते. विद्यार्थिमित्रहो, 'स्क्रीन प्रिंटिंग' ह्या कलेचें मर्म एवढेंच आहे. वाट कोठें मोकळी ठेवावयाची व कोठें अडवावयाची, हें आधीं ठरवावें लागतें.

परंतु कागदांतून 'व' हें अक्षर कापून काढलें तर त्याच्या पोटांतील तुकडा गळून पडतो. जपानी कारागीर छाप्याचे असे नाजूक भाग रेशमाच्या धाग्यांनीं धरून ठेवीत. पुढें चौकटीवर संबंध जाळीच ताणून तिच्या आधारानें छापा धरण्याची युक्ति रूढ झाली. इंग्लंडांतील मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन ह्यांनीं १९०७ सालीं रेशमी जाळीच्या छपाईचें पेटंट घेतलें. आतां रेशमाची जागा बहुतेक पॉलिएस्टरनें घेतली आहे.

नवशिक्यानें प्रथम कागदी छाप्यानेंच आरंभ करावा. लाकडी चौकटीवर जाळी तबल्याच्या पुडीसारखी घट्ट ताणावी. कापडावर छापण्यास एका सेंटीमीटरांत सुमारें ४३ धागे असलेली जाळी चालते. कागदावरील बारीक अक्षरांस अधिक दाट जाळी लागते. पातळ कागदांतून ठसठशीत आकृति कापून तो कागद जाळीखालीं ठेवावा. चौकटीच्या कोपऱ्यांखालीं पुठ्ठ्याचे तुकडे देऊन जाळी दोन-तीन मिलिमीटर उंच ठेवावी. मग एका कडेस पाण्यांत विरघळणारी शाई घालून, स्क्वीजी नांवाची रबरी पट्टी किंचित् तिरपी धरावी व एका दमांत, सारख्या दाबानें ओढावी. ओल्या शाईनें कागद जाळीस चिकटतो, आणि पट्टी पुढें सरकतांच जाळी कापडापासून सुटून कडा स्वच्छ येतात.

येथें आमची एक चूक सांगणें भाग आहे. एका वर्षीं स्नेहसंमेलनासाठीं कापडी पिशव्यांवर छपाई करण्याचें आम्हीं मनावर घेतलें. पहिला ठसा फिका दिसला म्हणून आम्हीं दाब वाढविला व पट्टी पुनःपुन्हां फिरविली. शाई कागदाखालीं पसरली, अक्षरें फुगलीं, आणि घाईघाईंत बारा पिशव्या वायां गेल्या. त्या मुलांनीं खाऊच्या पैशांतून आणलेल्या होत्या. एका मुलानें आपली पिशवी निमूटपणें घडी करून दप्तरांत ठेवली. तो कांहींच बोलला नाहीं. त्याचें तें न बोलणें आम्हांस फार लागलें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं नव्या पिशव्या आणल्या. पण त्यांस हात लावण्यापूर्वीं जुन्या वर्तमानपत्रांवर वीस ठसे काढले. विसावा ठसा त्याच मुलानें काढला, आणि तोच सर्वांत चांगला उतरला.

छपाई संपतांच जाळी धुवावी. शाई वाळल्यास छिद्रें बुजून जाळी निकामी होते. कापडावरील रंग पुरता सुकल्यावर, शाईच्या डब्यावर लिहिलें असेल त्याप्रमाणें गरम इस्त्री फिरवावी, म्हणजे तो धुण्यांत टिकतो.

हात बसल्यावर प्रकाशाची पद्धति शिकावी. तींत जाळीवर प्रकाशानें कठीण होणारा लेप अंधुक पिवळ्या उजेडांत देऊन वाळवितात. त्यावर काळ्या शाईनें काढलेलें पारदर्शक चित्र ठेवून प्रखर प्रकाश पाडतात. काळ्या रेषांखालीं प्रकाश पोंचत नाहीं. तेथील लेप मऊ राहून पाण्यानें धुतला जातो, व तीच शाईची वाट होते.

पालकांस विनंती कीं, मुलांस आरंभींच महाग सामान घेऊन देऊं नये. एक चौकट, थोडी शाई आणि पुष्कळशी रद्दी एवढें पुरे. मात्र पहिले ठसे बिघडले तर रागावूं नये. ती रद्दी वायां जात नाहीं. तिच्यावरच हात बसतो.