वऱ्हाडातील मराठी उपासनागीते आणि पायपेटी

बुलढाणा, खामगाव, मलकापूर या भागातल्या चर्चमध्ये मराठी सामुदायिक गायन रुजले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. अकोल्यात केंद्र असलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनने वऱ्हाडभर काम उभारले आणि त्या काळच्या दुष्काळांत निराधार झालेल्या मुलींसाठी खामगावला अनाथाश्रम चालवला. उपासनेत बायका, पुरुष आणि मुले एकत्र गात.

गीते दोन वळणांची होती. पहिली इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे, मूळ चालीवर बसवलेली. इंग्रजी चालीचा जोर जिथे पडतो तिथे मराठी शब्दातला ऱ्हस्व आला की तो ओढावा लागतो, आणि चांगली ओळही अडखळते. दुसरे वळण अभंगाचे आणि भजनी पदांचे. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी त्याला खरे बळ दिले. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात दोन्ही वळणे शेजारी नांदतात, पण मराठी कानाला टिळकांची पदे अधिक सहज वाटतात, यात शंका नाही.

मिश्र समूहाची खरी अडचण पट्टीची. पुरुषांचा षड्ज साधारण काळी एकच्या आसपास, बायकांचा काळी चार किंवा पाच. एकाच पट्टीत सगळे गाऊ लागले की कुणाचे तरी तारसप्तक फाटते, नाहीतर खर्ज विरतो. पाश्चात्त्य रचनेत यावर चार आवाजांची तोड आहे. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास यांना आपापल्या टप्प्यातली ओळ मिळते, आणि बहुधा सर्वांचे अक्षर एकाच वेळी पडत असल्याने शब्द स्पष्ट राहतात. अभंगाला मात्र ही मांडणी सोसत नाही. स्वरसंवादासाठी घेतलेले स्वर रागाबाहेर जाण्याची भीती असते. तिथे एकाने चरण म्हणायचा आणि सर्वांनी ध्रुपद उचलायचे, हीच रीत शोभते.

दोन्हींना आधार देणारे वाद्य म्हणजे पायपेटी, मराठी रंगभूमीवरचा ऑर्गन. वादक दोन्ही पावलांनी आळीपाळीने पायटे दाबतो. अमेरिकन घडणीत भाता हवा आत ओढतो आणि पितळी पात्या थरथरतात. हार्मोनियममध्ये हवा बाहेर ढकलली जाते. ओढलेल्या हवेचा नाद मऊ येतो. दोन्ही हात मोकळे असल्याने चारही आवाजांच्या ओळी एकाच वेळी वाजवता येतात, हातपेटीवर ते जमत नाही. पाइप ऑर्गनचा स्वर उष्म्याने चढतो, पातीचा फारसा हलत नाही. मलकापूर-खामगावच्या उन्हाळ्यात हा गुण मोलाचा. भात्याचे कापड आणि चामडे मात्र उंदरांपासून जपावे लागते.

आता अनेक चर्चमध्ये कीबोर्ड आला आहे. पूर्वी गायकांसाठी पट्टी उतरवायची तर वादकाला सगळे स्वर दुसऱ्या ठिकाणी बसवावे लागत. कीबोर्डवर त्यासाठी एक बटण पुरते.