काढणीच्या हंगामातलं नाशिक

फेब्रुवारीत नाशिकच्या वाइन महोत्सवाला जाऊन आलेल्यांच्या फोनमध्ये एक फोटो हमखास सापडतो: मोठ्या पिंपात उभं राहून द्राक्षं तुडवतानाचा. मलाही ते तुडवणं मनापासून आवडतं. थंडगार मणी पायाखाली फुटतात, बोटांच्या फटींतून गर वर येतो, आणि शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरल्याशिवाय तोल राहत नाही. पोर्तुगालमध्ये डोरू नदीच्या खोऱ्यात काही पोर्ट वाइनसाठी आजही दगडी हौदांत पायांनी द्राक्षं तुडवतात. तळपायाच्या दाबाने साल फुटते पण बी फुटत नाही, त्यामुळे बियांचा कडवटपणा रसात उतरत नाही. आपल्याकडच्या महोत्सवातल्या पिंपातला रस मात्र सहसा बाटलीपर्यंत जात नाही. खरी काढणी त्याच पहाटे आसपासच्या बागांमध्ये उरकलेली असते. महोत्सवाला जाणाऱ्याने आधी ती पाहावी आणि मग पेला हातात घ्यावा, असं मला फार वाटतं.

दिंडोरीकडच्या बागेत मी पोचले तेव्हा अंधारच होता. पेठ-सुरगाण्याकडून आलेली टोळी ओळीच्या दोन्ही बाजूंनी पुढे सरकत होती. कपाळावर बॅटरी, हातात छोटी कात्री, पायाशी प्लास्टिकचा क्रेट. डाव्या तळहातावर घड झेलायचा, उजव्या हाताने देठ कापायचा, सडका मणी दिसला तर तिथल्या तिथे काढून टाकायचा आणि घड अलगद क्रेटमध्ये ठेवायचा. मीही कात्री मागून घेतली. शेजारच्या बाईंनी लगेच सांगितलं, ‘‘ताई, देठाला धरा. मणी दाबू नका, रस सुटतो.’’ पहाटेची ही घाई उन्हामुळे असते. दुपारी पारा तिशीपार जातो. तापलेला, फुटलेला मणी क्रेटमध्येच आंबायला लागतो, आणि सोव्हिनियाँ ब्लांकसारख्या जातीचा नाजूक वास कारखान्यात पोचण्याआधीच उडून जातो. म्हणून ऊन चढण्याआधी ट्रॅक्टर भरून निघायला हवा.

तोडा कधी करायचा हे ठरवणं त्याहून अवघड. बागायतदार ओळीतल्या वेगवेगळ्या वेलींवरून, सावलीतले आणि उन्हातले असे दोन्ही मणी गोळा करतो, त्यांच्या रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतो आणि उजेडाकडे धरून डोळा लावतो. गोडी 22-23 ब्रिक्स भरली तर साधारण 12-13 टक्के मद्यार्काची वाइन होते. पण गोडी एकटी पुरत नाही. आंबटपणा टिकून आहे का, हेही बघावं लागतं. मग तो मणी तोंडात टाकून बी चावतो. बी हिरवट, तुरट लागली तर अजून थांबायचं. तपकिरी झाली असेल आणि कडकन फुटली तर तोडा लावायचा. महोत्सवाची तारीख कितीतरी आधी जाहीर झालेली असते, द्राक्षाची तारीख मात्र अशी चावून ठरते. त्यात अवकाळी पाऊस आला तर तयार मणी तडकतात, कुज लागते, आणि वर्षाची मेहनत आठवड्यात जाते.

वर्षाची मेहनत हे शब्द मी उगाच वापरलेले नाहीत. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते, म्हणून तिथे वर्षातून एक मुख्य छाटणी पुरते. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरच्या नाशिकला थंडी पडते, पण वेलीला झोपवण्याइतकी नाही. ती बारमाही वाढतच राहते. आपल्या बागायतदारांनी त्यावर काढलेला तोडगा मला या साऱ्या व्यवसायातली सर्वांत हुशार गोष्ट वाटतो. काढणी झाली की एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तिच्यातून फुटलेल्या नव्या काडीच्या डोळ्यांत, बाहेरून काही दिसत नसताना, पुढच्या हंगामाचे घड आतल्या आत तयार होतात. मग पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी. सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून त्यांना औषधाची पेस्ट लावतात, तीही हाताने, डोळा न् डोळा. पावसात फळ येऊ द्यायचं नाही आणि कोरड्या थंडीत पिकवायचं, यासाठी हा दोनदा छाटून एकदा पीक घेण्याचा खटाटोप. युरोपात ऑगस्ट ते ऑक्टोबरात काढणी चालते, आपल्याकडे ती जानेवारी ते मार्चमध्ये होते ती यामुळेच.

खाण्याच्या द्राक्षाची सवय असलेल्या जिभेला वाइनचं द्राक्ष आधी खटकतं. मणी लहान, साल जाड, आत बिया. थॉमसनसारख्या जातीत घड विरळ करून, संजीवकात बुडवून मणी फुगवतात. वाइनसाठी फुगलेला मणी नकोच असतो, कारण रंग आणि चव यांचा मोठा वाटा सालीत असतो. लाल वाइन सालीसकट आंबवतात. टाकीत साली वर तरंगून त्यांचा जाड थर बनतो, तो दिवसातून पुनःपुन्हा रसात भिजवावा लागतो. पांढऱ्या वाइनची द्राक्षं दाबयंत्रात हलक्या हाताने पिळून रस लगेच थंड टाकीत घेतात, आणि 14 ते 18 अंशांच्या आसपास संथपणे आंबवतात.

आता खाण्याविषयी. मार्गशीर्ष-पौषात सोलापूर-नगरकडे ज्वारीची कोवळी कणसं आगटीत भाजून हुरडा खातात. खानदेशात थंडीभर भरताच्या पार्ट्या झडतात. मार्च ते मे दरम्यान सिंधुदुर्ग-गोव्यात काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू, म्हणजे हुर्राक, निघते आणि तेवढ्याच दिवसांत संपते. या सगळ्यांत पिकतं तिथेच, पिकतं तेव्हाच आणि त्याच मातीतल्या जोडीदार पदार्थासोबत खाल्लं जातं. हुरड्यासोबत लसणाची चटणी, दही, गूळ. वाइन महोत्सवात मात्र मला बहुधा पिझ्झा आणि पास्त्याच्या रांगा दिसल्या. याचं वाईट वाटतं, कारण नाशिकच्या वाइनला नाशिकचं ताट उत्तम जुळतं.

तोडा संपल्यावर बागेतच न्याहारी झाली: बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. यजमानांनी किंचित गोडसर, गार चेनिन ब्लांक ओतली. मद्यार्काने तिखट अधिक झोंबतं, हे खरं; पण थोडी गोडी आणि गारवा असला की ठेचा जिभेवर राहतो आणि जाळ उतरतो. कांदाभजीला कोरडी, आंबटसर सोव्हिनियाँ ब्लांक द्यावी. लिंबाचं काम ती करते, तळणाचा तेलकटपणा कापते. झणझणीत मिसळीसोबत तुरट लाल वाइन घेऊ नये, दोघीही कडवट होतात. शिराझ ठेवावी काळ्या मसाल्यातल्या मटणासाठी, मिरची बेताची आणि चरबी सढळ असेल तेव्हा. चरबीने तिचा तुरटपणा मऊ होतो. महोत्सव भरवणाऱ्यांनी चार चुली मांडाव्यात, दिंडोरी-निफाडच्या बायकांना बोलवावं, आणि प्रत्येक चुलीशेजारी तिला जुळणारी एकच बाटली ठेवावी. अशा रांगेत मी आनंदाने तासभर उभी राहीन.