विद्यापीठांतील आशय व्यवस्थापन प्रणाली

आशय व्यवस्थापन प्रणाली (सीएमएस) ही संकेतस्थळावरील मजकूर, छायाचित्रे व दस्तऐवज तयार करणे, तपासणे, प्रकाशित करणे आणि अद्ययावत ठेवणे यांसाठी वापरली जाणारी संगणकीय प्रणाली आहे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेश, परीक्षा, शुल्क, अभ्यासक्रम व संशोधन यांविषयीची माहिती अनेक विभागांकडून येते. त्यामुळे अशी प्रणाली स्वीकारताना तंत्रज्ञानाच्या निवडीइतकाच कोणत्या पानाची जबाबदारी कोणाकडे असावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

१९९० च्या दशकात विद्यापीठांची संकेतस्थळे प्रामुख्याने स्वतंत्र एचटीएमएल पानांची बनलेली होती. पानात बदल करण्यासाठी एचटीएमएलचे ज्ञान आणि सर्व्हर वापरण्याची परवानगी आवश्यक असे. परिणामी बदलांची कामे संगणक कक्षाकडे साचत किंवा विभाग आपापली वेगळी संकेतस्थळे उभारत. अर्ज भरण्याची अंतिम तारीख अनेक पानांवर स्वतंत्रपणे लिहिलेली असल्यास एखाद्या पानावर जुनीच तारीख राहून विद्यार्थ्याचे नुकसान होण्याची शक्यता असे.

पुढे मुक्त स्रोत प्रणाली उपलब्ध झाल्या. ड्रूपल २००१ मध्ये, तर वर्डप्रेस २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. ड्रूपलचा उगम बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठात शिकत असलेल्या ड्रीस बाउटार्ट यांनी मित्रांसाठी तयार केलेल्या संदेशफलकात आहे.

कार्यपद्धती

या प्रणालीत मजकूर डेटाबेसमध्ये साठवला जातो आणि पानाची मांडणी साच्यांद्वारे ठरते. त्यामुळे मजकुराला हात न लावता संपूर्ण संकेतस्थळाचे रूप बदलता येते. एकदाच नोंदवलेली तारीख अनेक पानांवर दाखवण्याची सोयही करता येते. प्रत्येक वापरकर्त्याला लेखक, संपादक किंवा प्रचालक अशी भूमिका दिली जाते. उदाहरणार्थ, परीक्षा विभागातील कर्मचाऱ्याने तयार केलेला सूचनेचा मसुदा अधिकाऱ्याच्या मंजुरीनंतरच प्रकाशित होईल, अशी व्यवस्था ठेवता येते. पानाच्या आधीच्या आवृत्त्या जतन होत असल्यास कोणता बदल कोणी व केव्हा केला, हे तपासता येते.

स्थलांतर

जुना मजकूर नव्या प्रणालीत नेण्यापूर्वी सर्व पानांची यादी करून कोणती ठेवायची, सुधारायची किंवा वगळायची, हे ठरवले जाते. पानांचे पत्ते बदलल्यास जुन्या पत्त्यांवरून नव्या पानांकडे पुनर्निर्देशन करावे लागते. अन्यथा इतरत्र दिलेले दुवे निकामी होतात.

मराठी संकेतस्थळांबाबत आणखी एक अडचण येते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या टंकांमध्ये लिहिलेला मजकूर त्या टंकाशिवाय वाचता येत नाही आणि देवनागरीत शोध घेतल्यास सापडत नाही. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरे तपासावी लागतात.

कायदेशीर बाबी व सुगम्यता

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ नुसार भारतातील सार्वजनिक प्राधिकरणांनी ठरावीक माहिती स्वतःहून प्रकाशित करून दरवर्षी अद्ययावत करणे अपेक्षित आहे. कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठेही त्यात मोडतात. दृष्टिहीन विद्यार्थी स्क्रीन रीडर वापरतात. परिपत्रक केवळ स्कॅन केलेल्या प्रतिमेच्या रूपात असल्यास सामान्यतः त्यांना ते वाचता येत नाही. मात्र मजकूर म्हणून दिल्यास वाचता येते. चित्रांना पर्यायी वर्णन देण्याची अपेक्षा डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे.

मर्यादा

मुक्त स्रोत प्रणालीसाठी परवाना शुल्क द्यावे लागत नसले, तरी सर्व्हर, प्रशिक्षण, सुरक्षा सुधारणा व देखभाल यांचा खर्च राहतोच. जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्रूपल ७ चे अधिकृत साहाय्य ५ जानेवारी २०२५ रोजी संपले. ड्रूपल ८ ची अंतर्गत रचना बरीच वेगळी असल्याने ड्रूपल ७ वरील संकेतस्थळांना पुढील आवृत्तीकडे जाताना मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी करावी लागते. तसेच प्रणाली मजकुराची सत्यता तपासत नाही. पानाला जबाबदार व्यक्ती नेमलेली नसल्यास किंवा तिची बदली झाल्यावर काम दुसऱ्याकडे सोपवले न गेल्यास, अद्ययावत प्रणालीवरही कालबाह्य माहिती तशीच राहते.