पायऱ्या, क्रमांक आणि उसाचं वजन

डिजिटल शासनावरचं संशोधन आता पंचविशी ओलांडून गेलं आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी वेगळा निधी ठेवला आणि भराभर परिषदा उभ्या राहिल्या. सुरुवातीचा सूर लग्नघराचा होता. २००१ मध्ये कॅरन लेन आणि जंगवू ली यांनी चार पायऱ्या मांडल्या: आधी संकेतस्थळावर माहिती, मग व्यवहार, मग वरच्या-खालच्या कार्यालयांची जोडणी, शेवटी खात्याखात्यांची. पुढे कित्येक शोधनिबंध आपला देश कितव्या पायरीवर आहे एवढंच सांगत राहिले.

त्याच वर्षी जेन फाउंटन यांनी वेगळं बजावलं होतं: सरकारी यंत्रणा तंत्रज्ञानालाच आपल्या वळणावर नेते. ऑनलाइन अर्ज भरून त्याची प्रिंट पुन्हा खिडकीवर नेऊन देणाऱ्याला हे वेगळं पटवावं लागत नाही. २००३ मध्ये मँचेस्टरच्या रिचर्ड हीक्स यांनी विकसनशील देशांतल्या प्रकल्पांचा ढोबळ हिशेब मांडला: ३५ टक्के पूर्ण फसलेले, ५० टक्के अर्धेमुर्धे, यशस्वी जेमतेम १५ टक्के. माझ्या मते या विषयाला खरी धार आली ती इथे.

पश्चिम महाराष्ट्रातल्या वारणेचंच पाहा. १९९८ मध्ये तिथल्या ७० गावांना संगणकाने जोडायचा सरकारी प्रकल्प आला; शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण, सगळंच त्यातून मिळणार होतं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे अभ्यासक गेले, तर वापर मुख्यतः साखर कारखान्याच्या हिशेबापुरता होता: ऊस किती टन भरला, खत किती उचललं. एवढ्यासाठी संगणक कशाला? त्यांनी मोजक्या गावांत मोबाइलवरून एसएमएसने तीच माहिती देऊन पाहिली. काम भागलं, तेही स्वस्तात.

असा गावात जाऊन केलेला अभ्यास विरळाच. गाजतं ते संयुक्त राष्ट्रांचं ई-शासन सर्वेक्षण. त्याचा निर्देशांक ऑनलाइन सेवा, दूरसंचार सोयी आणि मनुष्यबळ मोजतो. २०१८ मध्ये त्यात ऑस्ट्रेलिया डेन्मार्कखालोखाल दुसरा होता. तेव्हा तिथे 'रोबोडेट' ही सरकारची संगणकी वसुली जोरात होती: वर्षाची कमाई पंधरवड्यांत सारखी वाटून, 'तुम्ही भत्ता जास्त घेतलात' अशी वसुलीची पत्रं लोकांना जात होती. हंगामी मजुराची कमाई दर पंधरवड्याला सारखी नसते, हे त्या हिशेबात धरलंच नव्हतं. ही पद्धत बेकायदा असल्याचं २०१९ मध्ये न्यायालयात सरकारलाच मान्य करावं लागलं. तरीही २०२० च्या सर्वेक्षणात ऑस्ट्रेलिया पाचवा होता.