शेपटीवाले शब्द

‘मांजर कुत्र्याला बघतं’ म्हणा की ‘कुत्र्याला मांजर बघतं’ म्हणा, बघणारं मांजरच! ही सारी ‘ला’ची करामत.

रशियन भाषेतही तसंच. कोश्का म्हणजे मांजर, सबाका म्हणजे कुत्रा. ‘कोश्का वीदित सबाकू’ किंवा ‘सबाकू वीदित कोश्का’, अर्थ तोच. शेवटचा ‘ऊ’ सांगतो, की दिसला तो कुत्रा! जर्मनमध्ये पुल्लिंगी नामाआधीचं ‘डेअर’ बदलून ‘डेन’ होतं. साध्या विधानात क्रियापद मात्र दुसरी जागा सोडत नाही.

पण गंमत बघा. रशियन ‘मात’ (आई) आणि ‘दोच’ (मुलगी) हे शब्द कर्म झाले तरी तसेच राहतात. मग माया कोण कोणावर करतं? तिथे सहसा पहिला शब्द कर्ता मानतात.

आता तुम्ही ‘ला’ गाळून लिहा : ‘वाघ सिंह पकडतो.’ सांगा पाहू, सापडलं कोण?