गाडी दारात, नाव मात्र कंपनीचे

निरोप समारंभात म्हैसुरी पेटा घालून झाला, चंदनाचा हारही पडला, की साहेब खिशातून किल्ली काढतात. 'इतकी वर्षे तुम्हीच चालवलीत, आता घरी न्या!' टाळ्या पडतात. घरी गाडीला हळदकुंकू लागते. आर.सी. मात्र कोणी उघडून बघत नाही. तिच्यावर नाव कंपनीचेच असते.

बंगळूरच्या आय.टी. कंपन्यांत तर पगाराचा भाग म्हणून गाडी लीजवर मिळते. तीन-चार वर्षांनी मुदत संपली, की उरलेली किंमत भरून ती विकत घेता येते. तेव्हा कळते, की आर.सी.वर आपल्या कंपनीचे नव्हे, लीज देणाऱ्या कंपनीचे नाव आहे आणि सह्या कुरियरने परगावाहून यायच्या आहेत.

पैसे दिले, किल्ली घेतली, म्हणजे गाडी आपली, हा समज महागात पडतो. 2009 साली एका अपघातात एकाचा जीव गेला. गाडी तोवर अनेकांच्या हातांतून गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर होती. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. तेव्हा नाव बदलण्यात कंपनीचेही हित आहे, हे तिथल्या प्रशासन विभागाला सांगायला संकोच कसला?

विम्याचे दुखणे आपले. नाव बदलले, तरी समोरच्याला द्यावयाच्या भरपाईचा विमा गाडीबरोबर येतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हे ठरले ते नोंदणी बदललेल्या, पण विमा जुन्याच नावावर राहिलेल्या गाडीबद्दल. (गंमत म्हणजे तिथे नवा मालक एक कंपनी होती!) म्हणून विमा कंपनीकडे 14 दिवसांच्या आत अर्ज करावा. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. कंपनीचा बोनस तुम्हाला मिळणार नाही.

कागद फार नाहीत. फॉर्म 29 ही देणाऱ्याची सूचना. राज्यातल्या राज्यात त्याला 14 दिवसांची मुदत. फॉर्म 30 वर दोघांच्या सह्या. घेणाऱ्याला 30 दिवस. कर्ज फिटले असेल, तर बँकेचे पत्र आणि फॉर्म 35. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरता येतो. कार्यालय मात्र राहत्या भागाचे, मग ते कोरमंगला असो, इंदिरानगर वा जयनगर. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. कंपनी स्वतः सही करू शकत नाही. तिच्या वतीने कोण सही करणार, याचा संचालक मंडळाचा ठराव किंवा अधिकारपत्र, लेटरहेडवर, शिक्क्यासह लागते. नेमके तेच राहून जाते.

आणि ते राहून गेले व कंपनीच बंद पडली तर? नवनव्या कंपन्यांच्या या शहरात ही शंका पोकळ नाही. कंपनीचे नाव निबंधकांच्या नोंदवहीतून निघाले, की सही करायला कोणी उरत नाही. मग ते नाव पुन्हा लावून घेण्यासाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा दरवाजा ठोठवायचा, एका जुन्या गाडीसाठी! म्हणून राजीनाम्याच्या नोटिशीच्या काळातच, हिशेब पुरा होण्याआधी, सह्या घ्या.

स्वस्तात मिळाली म्हणून हुरळूनही जाऊ नका. मालकाने नोकराला गाडी विकली, तर आयकर नियमांनुसार मूळ किमतीतून वापराच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी उरलेल्या रकमेच्या 20 टक्के वजा होतात. दहा लाखांची गाडी तीन वर्षांनी 5,12,000 रुपयांची ठरते. ती तुम्हाला तीन लाखांत दिली, तर वरचे 2,12,000 रुपये तुमच्या पगारात मिळवून त्यावर कर लागतो.

पुढे गाडी पुण्याला न्यायची असेल, तर फॉर्म 28 चे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागेल. महाराष्ट्रात कर नव्याने भरावा लागतो. कर्नाटकातला परतावा वेगळा मागायचा. आणि हो, काचेवरचा फास्टॅगही कंपनीच्याच खात्याचा असतो. तो बंद करून आपला लावा, नाहीतर कोल्हापूरपर्यंतचा टोल जुन्या साहेबांच्या खात्यातून जाईल.