सत्तर पानांचा पुडा

पहाटे 4
मे महिना. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं जंगलालगतचं गाव. आईबाप फडकी, पाणी आणि रात्रीचा भात बांधून तेंदूपत्ता तोडायला निघतात. थोरली बारा वर्षांची, ती जागी होते. आठ वर्षांचा धाकटा झोपलेला. पोरांना जंगलात नेत नाहीत. झुडपांत अस्वल असतं, नवेगाव-नागझिऱ्याचे वाघही या बाजूला फिरतात.
“दार लावून घेजो, बाई,” आई सांगते.

सकाळी 6
थोरली खराट्याने अंगण झाडते. मग दोघं बोरिंगवर. तिच्या डोक्यावर गुंड, त्याच्या हातात तेलाचा रिकामा झालेला पाच लिटरचा डबा. पहिल्या खेपेला पाणी पायावर सांडतं. दुसऱ्या खेपेला थोरली डबा पाऊणच भरते. थेंबही सांडत नाही.

सकाळी 8
भांडी दिवसाआड एकेकाकडे. आज धाकट्याची पाळी. भाताच्या गंजाला खरपूड धरली आहे. थोरली सांगते, पाणी घालून भिजू दे. स्वतः हात लावत नाही. साबणाच्या वडीला पैसे पडतात, चुलीतली राख घरची. तो राखेनेच घासतो. मुलगा म्हणून त्याला सूट नाही, हे मला या घरातलं सगळ्यात मोलाचं वाटलं.

सकाळी 11
आईबाप परततात. डोक्यावर पानांची गाठोडी. मेमध्ये इथं पारा 45 पर्यंत जातो, म्हणून तोडणी उन्हाआधीच उरकायची. थोरलीने भात शिजवून ठेवला आहे. जेवण होतं. आई दहा मिनिटं भिंतीला पाठ टेकते.

दुपारी 12
पडवीत पानांचा ढीग. आता चौघंही बसतात. एका पुड्यात सत्तर पानं. फाटकं, किडकं पान बाजूला. देठ सगळे एकीकडे. थोरली बोलत नाही, बोटंच मोजतात. धाकटा पाच-पाच पानं उचलतो. पाचाचा पाढा त्याला पन्नासपर्यंतच येतो. पुढे तो थांबून म्हणतो, पंचावन्न, साठ, पासष्ट, सत्तर. चौदा वेळा पाच. बाप पुडा घेतो, दोरीने आवळतो, बाजूला ठेवतो. पहिले काही दिवस पुन्हा मोजून बघायचा. आता मोजत नाही. मोजणं थांबलं त्या दिवसापासून पोरगा ढिगावरून उठवावा लागतो.
उठवतातही. दीडच्या सुमारास आई दोघांना खेळायला पिटाळते. उरलेले पुडे मोठ्यांचे. सुट्टीत घरच्यांना धोक्याच्या नसलेल्या कामात मदत करायला बालकामगार कायद्यातली 2016 ची दुरुस्तीही मोकळीक देते, पण किती वेळ बसवायचं हे या घरात आईच ठरवते.

संध्याकाळी 5
पुडे फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेतात त्या जागी. दर शेकड्याचा असतो, त्यामुळे मोजणीवर सगळ्यांची नजर. आज दोनशे पुडे, म्हणजे चौदा हजार पानं. कार्डावर आकडा चढतो. रोख आज हातात नाही. पुडे उन्हात वाळायला ओळीने मांडले जातात.

रात्री 8
धाकटा अंथरुणं घालतो. थोरली उद्याच्या भाताचे तांदूळ निवडते. खडे कमीच, तरी निवडते.
हंगाम जेमतेम दोन आठवड्यांचा. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. वह्यांचा खर्च याच पैशातून निघेल. उद्या भांडी थोरलीकडे.